ढालवालीची जागा

गो लीला,

नाय, तुझी जागा मी कुणाला देऊन टाकलेली नाय. कुणी विचारलं नाय, माहीत आहे मला. तरी सांगते. कारण लछूशेठ सिंध्यांच्या कॅम्प दोनमध्ये त्याच्या जीन्सच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना सांगत असणार, यमुनाबाईने जावेच्या जागी जिमवाला घेतला म्हणून. त्याचं तोंड म्हणजे मिक्सर, एकदा चालू झालं की झाकण धरून बसावं लागतं. तर नाय घेतला. म्हणजे घेतला, पण तुझ्या जागी नाय. ते पुढं येईल.

पत्र लिहिणाऱ्यातली मी नाय. चौथीपर्यंत शाळा, त्यातली अर्धी शेळ्यांमागं गेली. आणि गेलेल्या माणसाला पत्र म्हणजे तर आणखीच नाटक. सुवर्णा बोलली, "काकी, तू बोल, मी फोनमध्ये टाईप करते." मी बोलले, तुझ्या आईशी बोलायचं आणि मध्ये तू कशाला?

पण तुझ्या वस्तूला तुला न विचारता हात लावायची मला सवय नाय. एका भिंतीला आपली दोन घरं. तरी तुझा खलबत्ता घेताना पण मी खिडकीतून हाक मारायचे की नाय? आता हाक मारली तर तू ओ देणार नायस. म्हणून लिहिते. आज मला तुझी मोठी वस्तू पाहिजे.

कुकर लावून ओट्यावर बसलेय. तेव्हा पटपट ऐक.

काळा किल्ला परत उघडलाय.

हो, तोच. आपल्या मोबाईलच्या गेममधला. जत्रेसारखा वर्षातून एकदा उघडतो आणि आठवड्याने बंद. मागच्या खेपेला पूल ओलांडून दोन डोक्यांच्या राक्षसापर्यंत पोचलो आणि चौघंही मेलो. तेव्हा तू मांडीवर हात मारून बोललीस, "ताई, पुढच्या खेपेला याला सोडायचा नाय." हे तू बोललीस. मी नाय बोलले. असं बोलून ठेवायचं आणि स्वतः निघून जायचं, ही कुठली रीत गो?

ह्या सगळ्याचं मूळ तुझी पोरगी. सुवर्णा लछूशेठच्या जीन्सच्या दुकानात कामाला लागली, नवीन फोन घेतला आणि जुना तुला दिला. त्यात तो गेम होता. आपण दोघी इथंच ह्या ओट्यावर बसून कित्येक वर्षं त्याच दुकानातनं आलेल्या पँटींचे धागे कापायचो. तुझा गठ्ठा माझ्या आधी संपायचा. संपला की तू फोन काढायचीस.

"काय करतेस?"

"राक्षस मारतेय, ताई."

"आधी माझे धागे काप, मग राक्षस मार."

पण तिरकं तिरकं बघत मीच कधी त्यात घुसले कळलं नाय. "अगो तिकडं नको जाऊ, झाडामागून येतोय बघ!" असं ओरडले तेव्हा तू हातातला फोन खाली ठेवलास आणि एवढी हसलीस की शेजारची बाई बघायला आली. दुसऱ्या दिवशी सुवर्णाने माझ्या फोनमध्ये पण टाकून दिला. मी मागितला नव्हता. नको पण बोलले नाय, ती वेगळी गोष्ट.

लछूशेठ कसा घुसला आठवतं? सुवर्णा जेवणाच्या सुट्टीत खेळत होती, तर त्याने तिला झापलं. "ये क्या बच्चों का काम, धंदे पे ध्यान दो." आणि चार दिवसांनी हळूच विचारतो, "अड़े बेटा, वो तीर-कमान वाला कैसे मिलता है?" एवढा साठीचा माणूस! दुपारी गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली फोन धरून बसायचा. एकदा तो "दवा! यमुनाबाई, दवा दो!" असा ओरडला आणि पँट बघायला आलेली बाई पाणी घेऊन धावली. तिला वाटलं शेठला झटका आला.

तर झालो चौघं. आणि काय शहाणे आपण! चौघांनी चार तलवारवाले घेतले. मांडवात चार नवरदेव उभे आणि नवरीचा पत्ता नाय, असं ते. वेशीवरचा कोल्हा पण आपल्याला खाऊन जायचा. लछूशेठ फोनमधून सांगायचा, "साईं, ज्यादा तलवार, ज्यादा मार. सीधा हिसाब है."

तू काय बोललीस? "शेठ, तुमच्या दुकानात चार मालक बसवा आणि शिवायला कुणीच नको. चालेल का धंदा?"

मिक्सर बंद! पहिल्यांदा.

मग मी सांगितलं, लग्नात हळदीच्या दिवशीच्या भाकऱ्या आठवा. एवढं गाव जेवायला असतं, आपण चौघी बसतो. एक उकड मळते, एक थापते, एक तव्यावर टाकते, एक चुलीत लाकूड सारते. चौघी थापायलाच बसल्या तर लोकांनी काय खायचं, कच्चं पीठ? गेमचं पण तेच. एकाने पुढं उभं राहून मार खायचा. एकाने मागून औषध द्यायचं. दोघांनी मारायचं. एवढं सोपं आहे, पण ते कळायला आपल्याला किती वेळा मरावं लागलं!

मार खायला कोण? तर तू लगेच, "मी." जसं काय लाडू वाटतायत. मोठी ढाल घेतलेली ती बाई तूच शोधून काढलीस, एका हातात ढाल, एका हातात मशाल. सुवर्णा आग फेकणारी झाली. लछूशेठला तीर-कमान, लांबूनच शूर तो. आणि मी वैदीण. मी का? कारण लोकांना धरून औषध पाजायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि तेवढं मला येतं.

टीम तर झाली. तरी आपण मरतच होतो. का मरत होतो ते आठवलं की आजही मला कपाळावर हात मारावासा वाटतो.

तू पुढं जायचीच नायस!

दरवाजा आला की तुझी ढालवाली बाजूला सरायची आणि माझी वैदीण यायची वाट बघायची. मी आत गेले की मग तू. आत राक्षस बसलेला. तो काय बघतो, समोर एक म्हातारी, हातात बाटल्या. एका फटक्यात माझा निकाल. मी मेले की औषध संपलं, औषध संपलं की सगळे मेले. हे रोज!

सुवर्णाला कळेना. लछूशेठ तर रडकुंडीला आला. "अरे लीलाबाई, डॉक्टर को बॉर्डर पे कौन भेजता है? तुम ढाल लेके पीछे क्या करता है, ढाल धोता है?"

तू शांतपणे बोललीस, "शेठ, तुमच्यात चालत असेल. आमच्यात थोरल्या जावेच्या आधी धाकटी उंबरा ओलांडत नाय."

"पर ये गेम है!"

"उंबरा तर आहे ना?"

मी तुला सांगितलं, मी स्वतः परवानगी देते, जा पुढं. नाय. शिव्या घातल्या. नाय. फोन बंद करून दोन दिवस बोलले नाय, तरी नाय. तुला वाटायचं मी वरून बोलतेय, आतून मला लागेल. मला काय लागणार, दगडाला! पण तू आयुष्यभर माझ्या मागं चाललेली. लग्नाला, बाजाराला, मयताला, लोकलच्या जिन्यावर सुद्धा. एक पायरी मागं. मी थांबले की थांबायची. किती वेळा मी तुला बोलले असेन, शेपटी आहेस का माझी? तू म्हणायचीस, "असू दे."

शेवटी एक दिवस तुझ्या त्या बाईच्या हातातली मशाल मला दिसली. म्हणजे रोजच दिसायची, पण त्या दिवशी डोक्यात शिरली. मी बोलले, "लीला, लग्नाआधी गावदेवीला बोलावणं द्यायला जातात तेव्हा सगळ्यांच्या पुढं कोण असते?"

"दिव्याचं ताट घेतलेली."

"ती थोरली लागते का?"

"नाय. कुणी पण असते. मागच्या खेपेला सुवर्णा होती."

"मग मी तिच्या मागं चालले की नाय? माझा मान कमी झाला का?"

तू मशालीकडं बघितलंस. मग म्हणालीस, "दिव्याला थोरलं-धाकटं नसतं."

"मग? दिवा कुणाच्या हातात आहे?"

बघ, अंगावर काटा आला लिहिताना. येड्या आपण दोघी. त्या संध्याकाळी तू पदर खोचलास, मोबाईल समोर धरलास आणि "चला, ताई" बोलून दरवाज्यातून आत शिरलीस. पहिल्यांदा माझ्या पुढं. राक्षसाने तुझ्या ढालीवर किती फटके घातले! तू हललीस नाय. मी मागून औषध ओतत होते, सुवर्णा आग टाकत होती, लछूशेठ "जय झूलेलाल" ओरडून बाण सोडत होता. राक्षस पडला. आपण चौघं जिवंत! शेठने दुसऱ्या दिवशी सुवर्णाच्या हाती दालपकवान पाठवलं, ते आपण उभ्या उभ्या खाल्लं.

त्यानंतर, काळा किल्ला सोडला तर, आपल्याला कोण अडवणार होतं?

लोक विचारायचे, काय दिवसभर फोनमध्ये? मी सांगायचे, पत्ते कुटते. कोण समजावत बसणार. तुझा नवरा एकदा बोलला, "दोघी म्हाताऱ्या चळल्या." तू त्याला काय सांगितलंस? "तुम्ही वाड्यात घुसलेली गुरं हाकलून दाखवा, मी राक्षस हाकलते." तो बिचारा तेव्हापासून गप्प. आता तर फारच गप्प असतो. सकाळी चहा दोन कप करतो आणि एक माझ्या ओट्यावर आणून ठेवतो. साखर जास्त घालतो. मी पिते.

तुला एक गोष्ट विचारायची राहिली. एकदा धागे कापता कापता तू बोललीस, "घरात तुम्ही पुढं उभ्या राहिलात, ताई. इथं तरी मला राहू द्या." मी बोलले, नाटकं करू नको, कात्री दे. पण मला कळलं होतं तू कशाबद्दल बोलतेस. तू नवीन आलीस त्या पावसाळ्यात भात करपला आणि सासूबाई उलथणं घेऊन चुलीपाशी आल्या. मी मध्ये उभी राहिले. बोलले, मी करपवला. उलथणं दंडावर बसलं, गरम होतं. एवढंच. त्यात काय? मी थोरली होते, पुढं उभं राहणं माझं कामच होतं. तू तेवढ्यासाठी ती ढाल घेतलीस का गो? मी विचारणार होते. मग म्हटलं, विचारीन कधीतरी, पळून कुठं जाते.

गेलीस.

आणि गेलीस कशी! चैत्रातलं ऊन, तांदळाचे पापड लाटून झाले होते. टोपली मी उचलली तर तू माझ्या हातातून घेतलीस. "ताई, तुमचा गुडघा दुखतोय. मी पुढं होते, तुम्ही या सावकाश." जिन्याने गच्चीवर गेलीस. मी पाणी पिऊन, धोतराचं फडकं शोधून वर आले तर अर्धे पापड सरळ रांगेत घातलेले आणि पुढं तू. झोपल्यासारखी. डॉक्टर बोलला, हार्ट होतं. आधी काय दुखलं होतं का? मला सांगितलं नायस. मार खाऊन सांगायचं नाय, हे गेममध्ये शिकलीस की आधीपासून होतं?

गेममध्ये तुझ्या डोक्यावर, जीव किती उरला ते दाखवणारी लाल पट्टी असायची. कमी झाली की मला दिसायची, मी औषध द्यायचे. खऱ्यात कुठं दिसते गो पट्टी?

राग येतो तुझा. मी तुला खेळात पुढं हो बोलले होते. खऱ्यात नव्हतं बोलले. खऱ्यात थोरलीचा नंबर आधी होता. रांग मोडलीस तू.

जाऊ दे. कुकरची एक शिट्टी झाली.

तर किल्ला उघडला. सुवर्णा मला म्हणाली, "काकी, आपण तिघंच जायचं. आईची जागा रिकामी ठेवायची." डोळ्यात पाणी. मी बोलले, बरं. आता मला सांग, मी बरं का बोलले? मला रिकाम्या जागाबिगा ठेवायची आवड नाय. पाटावर फोटो, फोटोपुढं ताट, ताटावर माशा. पण पोरीचं तोंड बघून बोलले.

तिघं गेलो. पुलावरच मेलो. मधोमध पण नाय, सुरुवातीलाच. पुढं कुणी नाय तर सगळा मार माझ्यावर आला, परत तीच म्हातारी, त्याच बाटल्या. परत गेलो. परत मेलो. सुवर्णा रडायला लागली. मी तिला सांगितलं, "चुलीवर तवाच नसेल तर त्याला मान देणं म्हणत नाय. त्याला भोक म्हणतात. तुझ्या आईने असली टीम चालू दिली असती का? चार मालकांची गोष्ट काढून तिनेच लछूशेठचं तोंड बंद केलं होतं."

ती हसली. रडता रडता हसली, तुझ्यासारखी, नाक पुसत.

मग लछूशेठने तो आणला. पंकज. कॅम्पात जिम आहे त्याची, चांगला बाप्या माणूस, दोन पोरांचा बाप, दंड तर बघ, भोपळे. गेममध्ये पण ढाल केवढी! तुझ्या दोन ढाली मावतील त्यात, सोन्याची नक्षी. फोनवर बोलला, "आंटी, टेन्शन नको घेऊ. आप बस पीछे रहो, मैं सब संभाल लेगा."

मी बोलले, आंटी नाय, काकी बोल. आणि चल.

काय सांगू तुला! दरवाजा उघडला आणि तो सुटला. पुलावरून धडधड धडधड पलीकडं. आम्ही अजून अलीकडं. मी ओरडतेय, "अरे थांब! औषध तिथपर्यंत पोचत नाय!" तो कुठला थांबतो. एकटा आत शिरला, एकटा मेला. मग आमच्याकडं आले सगळे. परत खेळलो, परत तेच. ढाल मोठी, पण मागं कोण आहे हे बघायची मानच नाय त्याला.

तेव्हा मला कळलं, लीला. इतके दिवस तुझ्या मागं चालले तरी कळलं नव्हतं.

तू पुढं व्हायला शिकलीस, पण मागं चालायची सवय गेली नाय तुझी. दोन पावलं टाकायचीस आणि तुझी ढालवाली वळून बघायची. परत दोन पावलं, परत वळायची. मी चिडायचे. "समोर बघ, समोर! राक्षस समोर आहे, मी नाय!" तू म्हणायचीस, "बघतेय ताई, तुम्ही आलात का." मला वाटायचं वेळ खाते. वेळ नव्हतीस खात. तू थांबायचीस म्हणून माझं औषध तुझ्यापर्यंत पोचायचं. तू वळायचीस म्हणून आपण चौघं जिवंत राहायचो. ढाल काय, बाजारात मिळते.

आणि एकदाच, त्या जिन्यावर, तू वळून बघितलं नायस. मी पाणीच पीत बसले असेन, नाय तर तू वळलीस आणि मी दिसले नाय. काय झालं असेल, मला माहीत नाय. सारखं तेच डोक्यात येतं. आता तूच सांग, वळली होतीस का?

बोलत नायस. बरं.

तर काल सगळ्यांना दुकानात बोलावलं. मी स्वतः रिक्षा करून कॅम्प दोनला गेले, गुडघा गेला खड्ड्यात. लछूशेठने खुर्ची दिली, चहा सांगितला. मी बोलले, चहा नंतर. आधी ऐका.

"पंकज, तुला पळायची हौस आहे ना? मग ढाल ठेव, तलवार घे. पळ आणि मार. पण मी हाक मारली की मागं यायचं."

"काकी, मेरी ढाल लेवल..."

"ढाल धुवून वाळत घाल. तलवार घेतोस की जातोस?"

त्याने लछूशेठकडं बघितलं. शेठ बोलला, "ले ले भाई, मैं तीस साल से इनसे झगड़ रहा हूं, एक बार नहीं जीता." घेतली तलवार.

"शेठ, तुम्ही आहात तिथंच. लांब. तुम्हाला हलवलं तर तुम्ही स्वतःलाच बाण माराल."

"सुवर्णा, आग बंद. औषध तू घे. माझ्या बाटल्या तुला देते."

ती बोलली, "मग काकी, पुढं कोण?"

"मी."

लछूशेठ हळूच म्हणाला, "यमुनाबाई, मार पडेगा." मी दंडावरचं लुगडं सारून तो जुना डाग त्याला दाखवला. बोलले, सवय आहे.

सुवर्णा बोलली, नवीन ढालवाली तयार करता येते. पण ती कच्ची राहील, राक्षस एका फटक्यात उडवील. तयार ढालवाली एकच आहे. वेशीबाहेरच्या शेकोटीपाशी उभी आहे, जिथं तू तिला शेवटची सोडलीस. सुवर्णा रोज तुझा फोन चार्ज करते, उघडते, बघते आणि बंद करते. खेळत नाय. मला दाखवलं तिने. डोक्यावर तुझं नाव, हातात मशाल, पेटलेली. बाकी सगळे येतात जातात, ती आपली उभी. अशी वाट बघत उभं करून जातात का कुणाला?

फोन आता माझ्यासमोर आहे. कोपऱ्यावर तडा, त्यात पिठाचा कण अडकलाय. तुझ्याच पिठाचा असणार. मी पुसला नाय. हे तेवढं नाटक मी करते, बोलू नकोस.

तर खिडकीतून हाक मारली असं समज. लीला, तुझी ढालवाली नेते गो. संध्याकाळी.

तुझी जागा कुणाला देत नाय, रिकामी पण ठेवत नाय. तिथं मी उभी राहते. आधी ती माझीच होती, तुला दिवा दिला म्हणून तुझी झाली. आता दिवा परत माझ्या हातात. रांग होती तशी झाली. आणि पुढं होण्याची रीत आता मला तुझ्याकडून कळली आहे. दोन पावलं टाकीन आणि वळून बघीन. सुवर्णा आली का. तो पळणारा कुठं आहे. शेठ जागा आहे का. दरवेळी बघीन, कुणी कितीही ओरडलं, "समोर बघ" म्हणून, तरी बघीन. आणि गेमच्या बाहेर पण बघीन. सुवर्णा कॅम्पातून येताना उशीर झाला तर, तुझा नवरा दुपारी जास्त वेळ झोपला तर. पट्टी दिसत नाय तर तोंड बघीन. हा शब्द दिला तुला.

शिट्ट्या झाल्या. भात उतरवायचाय, करपला तर आता बोलायला पण कुणी नाय.

संध्याकाळी राक्षस पडला की आम्ही पडलो, ते तुला कळवणार नाय. रडले का, ते पण नाय. तू काय सांगून गेली होतीस का? मग मी पण नाय सांगणार. पुढं एक अक्षर विचारू नकोस, मी बोलणार नाय. नाय म्हणजे नाय.

तुझी थोरली जाऊ,
यमुना